छत्तिसाव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात रेडिओग्राफी शिकावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातून रसायनशास्त्रात बी.एस्सी., लग्नानंतर न्यू जर्सीत वास्तव्य, ग्रीन कार्ड हाती आलेले, दोन मुले शाळेत, वय छत्तीस आणि नोकरीचा अनुभव जवळजवळ नाही. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात रेडिओग्राफीचा, म्हणजे एक्स-रे काढण्याच्या शिक्षणाचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो करावा का, प्रवेश कितपत अवघड असतो, आणि त्याऐवजी काही महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन करून देतो म्हणणाऱ्या खाजगी संस्थेत जाणे शहाणपणाचे ठरेल का? शिवाय महाराष्ट्रात रेडिओग्राफीची पदविका घेतलेल्या भाच्याला अमेरिकेत हेच काम करता येईल का, असा एक पोटप्रश्नही जोडलेला आहे.

मी अशाच एका कम्युनिटी कॉलेजातून शिकले, बरीच वर्षे रुग्णालयात एक्स-रे आणि पुढे सीटी केले, आणि आता विद्यार्थ्यांना रुग्णालयात प्रत्यक्ष काम शिकवते. माझे उत्तर 'करा' असे आहे. मात्र हिशेब फीचा कमी आणि दोन वर्षांतल्या दिवसांचा जास्त मांडा. हा अभ्यासक्रम सोडून जाणारे जे विद्यार्थी मी पाहिले, त्यांतले फार थोडे भौतिकशास्त्रात अडकले होते. बहुतेकांचे घड्याळ जुळले नाही.

आधी खाजगी संस्थेचा विषय संपवते. अमेरिकेत रेडिओग्राफर म्हणून सर्वत्र मानली जाणारी नोंदणी एआरआरटी या संस्थेची आहे. ती 1922 मध्ये स्थापन झाली आणि तिचे कार्यालय मिनेसोटातील सेंट पॉल येथे आहे. तिच्या परीक्षेला बसण्यासाठी तिने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो, आणि 2015 पासून किमान असोसिएट (दोन वर्षांची) पदवीही लागते. काही महिन्यांचे वर्ग बहुधा मर्यादित परवान्यासाठी असतात. त्यात फक्त छातीचे किंवा हातापायांचे एक्स-रे काढता येतात, काम एखाद्या डॉक्टरच्या खाजगी दवाखान्यात मिळते, आणि तिथून सीटी किंवा एमआरआयकडे जाणारी वाट जवळजवळ बंद असते. ज्यांना तेवढेच हवे आहे त्यांनी ते जरूर करावे, पण तुमच्या वयाला अजून पंचवीस-तीस वर्षांची नोकरी शिल्लक आहे. दोन वर्षे वाचवण्यासाठी ती एवढ्याशा चौकटीत बसवू नका.

कॉलेज निवडताना त्याला जेआरसीईआरटीची मान्यता आहे का, हे पाहा. ही शिकागोची संस्था केवळ रेडिओग्राफीसारख्या अभ्यासक्रमांचीच तपासणी करते. मान्यता असलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला तीन आकडे जाहीर ठेवावे लागतात: पहिल्याच प्रयत्नात परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांचे पाच वर्षांचे सरासरी प्रमाण, बारा महिन्यांत नोकरी मिळालेल्यांचे प्रमाण, आणि प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांनी अभ्यासक्रम पुरा केला ते. लोक पहिला आकडा पाहतात आणि तिथेच थांबतात. तुम्ही तिसरा नीट पाहा. शंभर टक्के निकाल लावणारे कॉलेज निम्मा वर्ग वाटेत गाळत असेल, तर त्या निकालाचे कौतुक करण्यात अर्थ नाही. त्यानंतर क्लिनिकलसाठी, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष शिक्षणासाठी, कोणती रुग्णालये आहेत, ती घरापासून किती दूर आहेत, आणि ती निवडण्याची मुभा मिळते की कॉलेज नेमून देते, हे विचारा. न्यू जर्सीत सकाळी सातला पंचवीस मैलांवर पोहोचायचे म्हणजे घरून केव्हा निघायचे, हे तुम्हांला सांगायला नको.

प्रवेशाबद्दल आपल्या लोकांचा एक गैरसमज असतो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे येईल त्याला दार उघडे, हे कॉलेजच्या बाबतीत खरे आहे. रेडिओग्राफीच्या बाबतीत नाही. जागा साधारण वीस ते तीस असतात, कारण रुग्णालयात एक्स-रे काढणाऱ्या एका टेक्नॉलॉजिस्टमागे एकच विद्यार्थी ठेवावा लागतो आणि त्यावरूनच वर्गाचा आकार ठरतो. आधी शरीररचना व शरीरक्रिया यांचे दोन भाग, कॉलेज अल्जिब्रा, इंग्रजी लेखन आणि बऱ्याच ठिकाणी वैद्यकीय परिभाषा हे विषय पुरे करावे लागतात, आणि त्यांतल्या गुणांवर गुणानुक्रम लागतो. काही कॉलेजे टीज किंवा हेसी यांसारखी प्रवेशपरीक्षाही घेतात. तुमच्या बी.एस्सी.च्या गुणपत्रिकांचे मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन करून घेतले, तर गणित आणि सामान्य शिक्षणाचे काही विषय सुटू शकतील. शरीररचना मात्र इथे नव्यानेच करा. जुने विज्ञानविषय अनेक कॉलेजे ठरावीक वर्षांनंतर धरत नाहीत, आणि धरले तरी पुढे त्याच विषयावर उभे राहायचे आहे. म्हणजे 'दोन वर्षे' असे म्हणताना प्रत्यक्षात तीन धरून चाला.

पैशाबाबत एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. ग्रीन कार्डधारकांना केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीसाठी अर्ज करता येतो, पण पेल ग्रँट हे अनुदान ज्यांच्याकडे पदवी आहे त्यांना मिळत नाही, आणि पदवी भारतातली असली तरी ती पदवीच धरली जाते. कर्जाचा मार्ग खुला राहतो. आपल्या जिल्ह्याच्या, म्हणजे काउंटीच्या, कॉलेजात स्थानिक रहिवाशाचा फीदर मिळतो, म्हणून शेजारच्या जिल्ह्यातले कॉलेज केवळ नावासाठी निवडू नका.

निवड झाली की रुग्णालयात पाऊल ठेवण्यापूर्वी पार्श्वभूमीची तपासणी, अमली पदार्थांची चाचणी आणि लसीकरणाचे दाखले द्यावे लागतात. इथे आपल्या मुलींची हमखास अडचण होते ती क्षयरोगाच्या चाचणीत. लहानपणी बीसीजी टोचलेली असल्याने त्वचेवरची चाचणी बऱ्याचदा फुगून येते, मग छातीचा एक्स-रे, मग डॉक्टरांचे पत्र, आणि या धावपळीत क्लिनिकलचा पहिला आठवडा बुडतो. पहिल्यापासून रक्तावरची चाचणी मागा. बीसीजीमुळे ती खोटी सकारात्मक येत नाही. हेपटायटिस बी आणि कांजिण्यांच्या प्रतिकारशक्तीचे अहवालही वेळेवर काढून ठेवा. भारतातले लसीकरणाचे पुस्तक सापडेल या भरवशावर राहू नका.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे येते. पहिल्या सत्रात आठवड्यातले दोन दिवस रुग्णालय आणि बाकीचे दिवस वर्ग व प्रयोगशाळा, पुढे रुग्णालयाचे दिवस तीनपर्यंत वाढतात, उन्हाळ्याची सुट्टी जवळजवळ नसते. प्रयोगशाळेत विद्यार्थी एकमेकांना टेबलावर झोपवून पोझिशन द्यायला शिकतात. एक्स्पोजर मात्र आत सापळा असलेल्या प्लॅस्टिकच्या पुतळ्यावरच होते, कारण सरावासाठी जिवंत माणसावर किरण सोडता येत नाहीत.

पोझिशन म्हणजे आकृती पाठ करणे, असे सुरुवातीला वाटते. खरे काम बोटांचे असते. कमरेच्या हाडाची वरची कड चाचपली की चौथ्या-पाचव्या कटिमणक्याची पातळी सापडते, मानेखालचा ठळक उंचवटा म्हणजे बहुधा सातवा मानेचा मणका, खांद्याच्या फऱ्याचे खालचे टोक म्हणजे छातीचा साधारण सातवा मणका. शरीर स्थूल असो की किडकिडीत, हाडांच्या या खुणा हाताला लागतात; डोळ्यांना त्या दिसतीलच असे नाही. आपल्याकडून आलेल्या विद्यार्थिनींना इथे संकोच होतो, मलाही झाला होता. परक्या पुरुषाच्या कमरेचे हाड चाचपायचे म्हणजे हात पुढे होत नाही, आणि हात अर्ध्यावर थांबला की रुग्णही अवघडतो. यावर उपाय सोपा आहे. काय करणार आहे आणि कुठे हात लावणार आहे हे आधी एका वाक्यात सांगावे, होकार घ्यावा, आणि मग बोटांच्या टोकांनी पण ठामपणे चाचपावे. गोंजारल्यासारखा हलका स्पर्श सर्वांत वाईट.

एक उदाहरण देते. कोपराचा बाजूचा एक्स-रे पुस्तकात फार सोपा दिसतो: कोपर काटकोनात वाकवा, अंगठा वर ठेवा, एक्स्पोजर द्या. विद्यार्थी हे सगळे बरोबर करतात आणि तरी चित्र बिघडते, कारण रुग्ण उंच खुर्चीवर बसलेला असतो, त्याचा खांदा टेबलाच्या पातळीहून वर राहतो आणि दंडाचे हाड तिरपे उतरते. त्यामुळे हाडाच्या खालच्या टोकाचे दोन उंचवटे एकमेकांवर बसत नाहीत आणि सांध्याची फट मिटते. खांदा, कोपर आणि मनगट तिन्ही एका पातळीत यायला हवीत. म्हणून मी सांगते, कोपराकडे नंतर पाहा, आधी खांद्याकडे पाहा आणि टेबल वर घ्या. एवढा आग्रह कशासाठी, तर लहान मुलाच्या कोपरात हाडाची चीर अनेकदा दिसतच नाही. हाडामागची चरबीची सावली वर उचललेली दिसते, तेवढाच पुरावा असतो, आणि तिरप्या चित्रात तोही हरवतो.

रुग्णालयात नियम कडक असतात आणि ते तुमच्या भल्याचे आहेत. एखादी तपासणी तुम्हांला येते असे कागदोपत्री ठरेपर्यंत टेक्नॉलॉजिस्ट त्या खोलीतच हजर असावा लागतो. नंतर तो जवळपास असला तरी चालते, पण चित्र बिघडून पुन्हा एक्स्पोजर द्यायचे असेल, तर तुम्ही शेवटच्या सत्रात असलात तरी तो समोर उभा हवा. एआरआरटीच्या 2022 पासूनच्या यादीप्रमाणे 36 अनिवार्य तपासण्या, 34 ऐच्छिकांपैकी 15, आणि नाडी व रक्तदाब घेणे, रुग्णाला खाटेवरून हलवणे, प्राणवायू लावणे यांसारखी रुग्णसेवेची 10 कामे एकेक करून सिद्ध करावी लागतात. छाती, हात, पाय यांच्या नोंदी पहिल्या काही महिन्यांतच होतात. कवटी, लहान मुले आणि शस्त्रक्रियागृहातला सी-आर्म (फिरते एक्स-रे यंत्र) यांची वाट पाहावी लागते. शेवटच्या सत्रात दोन नोंदींसाठी रात्रपाळीच्या इमर्जन्सीत ताटकळणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. मिळेल ती दुर्मीळ तपासणी पहिल्याच दिवसापासून मागून घ्या. इथे भिडस्तपणा महागात पडतो.

पहिल्या आठवड्यात तुम्ही शिशाच्या मार्करची जोडी मागवाल. एकावर उजव्या बाजूसाठी आर, दुसऱ्यावर डाव्या बाजूसाठी एल, आणि खाली तुमच्या नावाची आद्याक्षरे. त्या तुकड्यांनी मला दिलेला धडा सांगते. दुसऱ्या सत्रात एका वृद्ध गृहस्थांच्या छातीचा एक्स-रे होता. उभ्याने काढायचा म्हणून, त्यांची छाती चित्र टिपणाऱ्या डिटेक्टरकडे असेल असे धरून, मी डिटेक्टरच्या उजव्या बाजूला आर चिकटवला. त्यांना चक्कर आली. आम्ही त्यांना स्टुलावर बसवले, पाठ डिटेक्टरला टेकवली आणि यंत्रनळी समोरून आणली. माणूस फिरला, मार्कर होता तिथेच राहिला. चित्र पडद्यावर आले तेव्हा मला ते उत्तम वाटले. माझ्या टेक्नॉलॉजिस्टने फक्त विचारले, "यांच्या जठरातली हवा उजवीकडे कशी गेली?" जठरातल्या हवेचा काळा फुगा आणि हृदयाचे टोक, दोन्ही आर लिहिलेल्या बाजूला होते. मार्करसाठी पुन्हा किरण देणे योग्य नव्हते. तिने चूक नोंदवली, चित्रावर दुरुस्ती केली आणि रेडिओलॉजिस्टला फोन केला. त्या गृहस्थांच्या छातीत नळी घालायची असती तर काय झाले असते, हे ती बोलली नाही. तेव्हापासून रुग्ण हलला की मी मार्कर काढून हातात घेते आणि नव्याने लावते.

भौतिकशास्त्राची काळजी तुम्ही करू नये. बी.एस्सी.ला जे केले आहे त्यापुढे हे गणित किरकोळ आहे. व्होल्टेज पंधरा टक्क्यांनी वाढवले तर डिटेक्टरवर होणारा परिणाम जवळजवळ दुप्पट एमएएस (नळीतला विद्युतप्रवाह गुणिले वेळ) दिल्यासारखा असतो. अंतर 40 इंचांवरून 72 इंचांवर नेले की किरणांची तीव्रता तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उरते. वर्गमित्र वर्गव्यस्ताच्या नियमाशी झगडत असताना तुम्ही त्यांना शिकवत असाल. अवघड आहे ते तारतम्य. फिल्मच्या काळात जादा एक्स्पोजर दिले की फिल्म काळी पडायची आणि चूक सर्वांना दिसायची. डिजिटल डिटेक्टर जादा किरणांतूनही सुंदर चित्र देतो, आणि कमी दिले तर खरखर दिसते, म्हणून हात नकळत वरच्या बाजूला झुकतो. चित्राबरोबर येणारा एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरवर किती किरण पडले ते सांगणारा आकडा, प्रत्येक वेळी वाचण्याची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या.

घरातली वडीलधारी मंडळी किरणांचे भय घालतील, तेव्हा त्यांना आकडे सांगता यावेत. व्यावसायिकांसाठी वार्षिक मर्यादा 50 मिलिसीव्हर्ट (किरणमात्रेचे एकक) आहे, आणि साध्या एक्स-रेचे काम करणाऱ्याच्या किरण मोजणाऱ्या बॅजवर तिचा अगदी थोडा अंश चढतो. आपण शिशाच्या भिंतीआड असतो. फ्लुरोस्कोपीत (हलत्या एक्स-रे चित्राच्या तपासणीत) आणि शस्त्रक्रियागृहात एप्रन घालून दोन पावले मागे राहतो. गरोदरपण जाहीर करावे की नाही, हा निर्णय सर्वस्वी विद्यार्थिनीचा असतो. लेखी जाहीर केले तर गर्भासाठी संपूर्ण काळाची मर्यादा 5 मिलिसीव्हर्ट लागू होते, पोटाजवळ दुसरा बॅज मिळतो, आणि ती घोषणा मागेही घेता येते. माझे स्पष्ट मत विचाराल तर या कामात किरणांपेक्षा कंबर जास्त जपावी लागते. रुग्णाला सरकवण्याची योग्य पद्धत ज्यांनी कंटाळा करून शिकली नाही, ते चाळिशीत पट्टा बांधून फिरताना मी पाहिले आहेत.

आता त्या घड्याळाविषयी. वर्ग आणि क्लिनिकल मिळून आठवड्याचे काम चाळीस तासांपर्यंत जाते, आणि चाळीस तास म्हणजे पगाराविना पूर्ण वेळची नोकरीच आहे, आणि अभ्यास त्याबाहेर. गैरहजेरीचे तास भरून द्यावे लागतात. मुलाला ताप आला तर कोण थांबणार, बर्फामुळे शाळा दोन तास उशिरा उघडली तर मुलांना कोण सोडणार, हे प्रवेशाआधी यजमानांशी बसून ठरवा. सासूबाई सहा महिने येणार असतील तर तो काळ पहिल्या सत्रासाठी वापरण्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या सत्रासाठी राखून ठेवा. तेव्हा संध्याकाळच्या पाळ्या येतात आणि गरज तेव्हा जास्त असते.

इंग्रजीच्या उच्चारांची भीती बाळगू नका, पण वाक्ये लहान ठेवा. "श्वास घ्या, सोडा, पुन्हा घ्या, रोखा" एवढे स्पष्ट म्हणता आले की अर्धे काम होते. इथे स्पॅनिशमध्येही तेवढे शिकावे लागते. 'रेस्पिरे ओंदो, नो रेस्पिरे' हे मी वहीत देवनागरीत लिहून पाठ केले होते. मराठी किंवा गुजराती आजी-आजोबा आले की तुम्हांला हमखास बोलावतील. धीर जरूर द्या, पण संमतीपत्र किंवा आजाराचा इतिहास यांचे भाषांतर रुग्णालयाने नेमलेल्या दुभाष्यालाच करू द्या.

शेवटी परीक्षा. संगणकावर 200 प्रश्नांचे गुण धरले जातात, त्यांत काही चाचणीचे बिनगुणी प्रश्न मिसळलेले असतात, आणि उत्तीर्ण होण्यासाठी 75 हा प्रमाणित गुणांक लागतो. याचा अर्थ पंचाहत्तर टक्के उत्तरे बरोबर, असा नाही. तीन वर्षांत तीन प्रयत्न मिळतात. त्यानंतर राज्याचा परवाना घ्यावा लागतो, आणि गंमत म्हणजे न्यू जर्सीत तो आरोग्य खात्याकडून येत नाही, पर्यावरण संरक्षण खात्याच्या अखत्यारीतले मंडळ तो देते. एआरआरटीची नोंदणी टिकवण्यासाठी दर दोन वर्षांत पुढील शिक्षणाची 24 क्रेडिट पुरी करावी लागतात.

पगाराविषयी सांगायचे तर केंद्रीय श्रमखात्याच्या मे 2023 च्या आकड्यांत रेडिओग्राफरचे मध्यक वार्षिक वेतन 73 हजार डॉलरांच्या घरात होते, आणि एमआरआय करणाऱ्यांचे त्याहून बरेच वर. बहुतेक जण सुरुवात गरजेपुरत्या तासांच्या किंवा शनिवार-रविवारच्या जागेपासून करतात. ज्या रुग्णालयात क्लिनिकल केले तिथेच पहिली नोकरी लागते, म्हणून दोन वर्षे म्हणजे लांबलेली मुलाखत आहे असे समजून वागा. सीटीकडे जायचे असेल तर नोकरी करता करता 16 क्रेडिटचे शिक्षण आणि ठरावीक तपासण्यांची नोंद करून दुसरी परीक्षा देता येते. मॅमोग्राफीसाठी (स्तनांच्या एक्स-रेसाठी) केंद्रीय नियमांनुसार 40 तासांचे प्रशिक्षण आणि देखरेखीखाली 25 तपासण्या लागतात, आणि त्या जागांवर स्त्रियांना मागणी असते.

भाच्याबद्दलचे उत्तर तेवढे आनंदाचे नाही. भारतातली पदविका किंवा पदवी कितीही चांगली असली तरी एआरआरटीच्या परीक्षेला थेट बसता येत नाही. इथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुन्हा करावा लागतो. तो विद्यार्थी व्हिसावर आला तर फी परदेशी विद्यार्थ्याच्या दराने पडेल. नंतर एच-वन बी हा नोकरीचा व्हिसा मिळणेही कठीण जाईल, कारण या नोकरीला चार वर्षांची पदवी अनिवार्य नाही आणि तो व्हिसा तशी पदवी लागणाऱ्या कामांसाठी आहे. ब्रिटनमध्ये एचसीपीसी ही नियामक संस्था परदेशात शिकलेल्या रेडिओग्राफरचे शिक्षण आणि अनुभव तपासून नोंदणी देते, त्यामुळे अनेक भारतीय तिकडे गेले आहेत. त्याने आत्ता आहे त्या रुग्णालयात सीटीवर काम मागून घ्यावे, केलेल्या तपासण्यांची तारीखवार वही ठेवावी, आणि पदविकेच्या संस्थेकडून विषयवार तासांचा अभ्यासक्रम सही-शिक्क्यानिशी मिळवावा. ही कागदपत्रे मागायला पाच वर्षांनी गेले तर कार्यालयात ओळखीचे कोणी उरलेले नसते.